जुन्या साडीपासून रिकाम्या बाटलीपर्यंत : घरातल्या कोणत्या वस्तू पुन्हा वापरायच्या आणि कोणत्यांना हात लावायचा नाही?

दसरा-दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढला की बहुतेक घरांत साधारण तेच सामान खाली येतं. आजीच्या विरलेल्या सुती साड्या, जोडी हरवलेले मोजे, सीडींचा गठ्ठा, लोणच्याच्या आणि जॅमच्या रिकाम्या बरण्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्या, पाणी गार न करणारा माठ, स्क्रीन फुटलेला फोन. 'असू दे, कधीतरी लागेल' असं म्हणत त्यातलं निम्मं सामान परत वर जातं.

आणि त्याच संध्याकाळी मोबाइलवर एक रील समोर येतं. रिकामी बाटली, स्प्रे पेंट, ग्लू गन, वरून ग्लिटर. तीस सेकंदांत 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट' फ्लॉवरपॉट तयार. बघायला छानच वाटतं. पण तो फ्लॉवरपॉट महिनाभराने कुठे असतो, हे कुठल्याच रीलमध्ये दाखवत नाहीत.

मग जुन्या वस्तूंपासून खरोखर वापरात राहील असं काय बनवता येतं? कोणत्या वस्तू सरळ भंगारात दिलेल्या बऱ्या? आणि कोणते व्हायरल प्रयोग घरात अजिबात करू नयेत?

आधी भंगारवाल्याचा विचार करा

कुठलीही जुनी वस्तू कापण्या-चिकटवण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. स्वच्छ, साधी प्लास्टिकची बाटली हा कचरा नसतो, तो माल असतो. कोल्ड्रिंक आणि पाण्याच्या पारदर्शक बाटल्या 'पेट' नावाच्या प्लास्टिकच्या असतात. तळाशी त्रिकोणात १ हा आकडा दिसतो. या बाटल्या भंगारवाला घेतो, त्यांचा चुरा होतो आणि त्यापासून पॉलिस्टरचा धागासुद्धा बनतो. कागद, पत्रा आणि काच यांनाही असाच बाजार आहे.

आता त्याच बाटलीवर रंग मारला, सुतळी गुंडाळली, टिकल्या आणि ग्लिटर चिकटवलं की काय होतं? प्लास्टिक, कापड, डिंक आणि रंग यांचं असं मिश्रण तयार होतं की ते वेगळं करणं कुणालाच परवडत नाही. भंगारवाला ती बाटली घेत नाही. शोभेचा कंटाळा आला की ती थेट डेपोत जाते. म्हणजे जी वस्तू पुन्हा कामी येऊ शकली असती, तिचा 'रियूज' करताना आपणच कचरा केला.

पुण्यात कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना १९९३ पासून काम करते आहे. तिच्या नावातच शहरातल्या कचऱ्याचं अर्थकारण आलंय. सुका कचरा स्वच्छ आणि वेगळा दिला तर त्यावर कुणाचा तरी रोजगार चालतो. त्यामुळे घरात काही करण्याजोगं नसेल तर वस्तू धुऊन, वाळवून भंगारात देणं हाही चांगलाच पर्याय आहे. त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही.

मग घरी कधी करायचं? साधी कसोटी अशी : त्यामुळे विकत आणावी लागणारी एखादी वस्तू वाचतेय का, आणि ते करण्यासाठी नवीन सामान आणावं लागतंय का? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असेल तर खुशाल कात्री काढा. तीनशे रुपयांची ग्लू गन आणून वीस रुपयांचा पेनस्टँड बनवण्यात बचत काहीच नाही. हौस म्हणून करा, त्याला ना नाही.

सुती साडी असेल तर गोधडी

या कसोटीला सगळ्यात पक्की उतरणारी गोष्ट मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या होत आलीये. गोधडी. काही भागांत तिला वाकळ म्हणतात. तिच्यासाठी सुई-दोऱ्याशिवाय काहीही विकत आणावं लागत नाही. जुनी नऊवारी धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली असते की नवीन कापडाला तो मऊपणा येतच नाही. म्हणून तर बाळाला पहिल्यांदा गुंडाळायला नवं कापड न वापरता जुन्या साडीचं दुपटं काढतात.

ही कला फक्त महाराष्ट्राची नाही. बंगालची कांथा आणि बिहारची सुजनी याही मुळात जुन्या साड्या-धोतरांच्या थरांवर धावदोरा घालून तयार झाल्या. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका 'कवदी' शिवतात आणि तिच्या चारही कोपऱ्यांना कापडाची दुमडलेली फुलं लावतात. सगळीकडे तंत्र एकच : कापडाचे थर आणि साधा सरळ टाका. थरांमध्ये हवा अडकून राहते, त्यामुळे ऊब टिकते.

पहिल्यांदाच करत असाल तर पूर्ण पांघरूण करायला घेऊ नका. ते महिनोन् महिने पुरतं आणि अर्धवट अवस्थेत पुन्हा माळ्यावर जातं. साधारण मीटरभर लांबी-रुंदीचं दुपटं किंवा सोफ्यावर टाकायचा तुकडा घ्या.

साडी धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्या. जास्त विरलेला भाग हाताने ताणला तरी फाटतो. तो भाग आत जाईल आणि धड कापड वरच्या व खालच्या बाजूला राहील असे तीन किंवा चार थर करा. आतल्या थरात जुने परकर, ओढण्या, उशीचे अभ्रे, काहीही सुती चालतं. जमिनीवर सगळं सपाट पसरून चार कोपऱ्यांवर वजनं ठेवा. तांब्या, वरवंटा, जे असेल ते. मग मधून मधून लांब लांब कच्चे टाके घालून थर एकमेकांना पकडून घ्या. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून अनेकजण गाळतात आणि शेवटी गोधडीच्या पोटात गोळे होतात.

त्यानंतर कडा आत दुमडून कडेपासून धावदोरा घालायला सुरुवात करायची आणि चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं. दोन ओळींमध्ये दोन बोटांचं अंतर पुरतं. टाका एकसारखा आला नाही तरी काही बिघडत नाही. जुन्या गोधड्या नीट पाहिल्या तर एकाच गोधडीत दोन-तीन हातांचे टाके ओळखू येतात. दुपारी जी रिकामी असेल ती येऊन बसायची आणि चार ओळी घालून जायची.

थर किती घ्यायचे, तर घरात धुता येईल इतके. सात-आठ थरांची गोधडी उबदार असते, पण भिजली की दोन माणसांना पिळायला लागते. फ्लॅटच्या बाल्कनीत ती वाळता वाळत नाही.

शिफॉन, जॉर्जेट किंवा नायलॉनच्या साड्या मात्र गोधडीला घेऊ नका. थर एकमेकांवरून घसरतात आणि अंगावर घाम शोषला जात नाही. या साड्यांचे पडदे चांगले होतात. कापड सुती आहे की नाही हे कळत नसेल तर पाण्याचा थेंब टाकून बघा. जुनं सुती कापड तो लगेच शोषून घेतं. पॉलिस्टरवर थेंब थोडा वेळ तसाच राहतो. स्वयंपाकघरात गरम भांडं उचलायला कापड शिवणार असाल तर ही तपासणी कराच, कारण सिंथेटिक कापड आचेने वितळतं आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं.

आणखी एक सावधगिरी जरीच्या साडीबद्दल. जुन्या पैठणीच्या किंवा शालूच्या काठांचे कुशन कव्हर करण्याची सध्या फॅशन आहे. पण जुन्या साड्यांची जर खऱ्या चांदीची असू शकते. कात्री लावण्याआधी जुनी जर विकत घेणाऱ्या किमान दोन दुकानांत दाखवून या. एकाच ठिकाणचा भाव खरा मानू नका.

राहिलेल्या कपड्यांसाठी बोहारीण अजूनही अनेक गल्ल्यांमध्ये येते. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी ही बाई म्हणजे कपड्यांच्या पुनर्वापराची आपल्याकडची सगळ्यात जुनी यंत्रणा म्हणायला हवी. तिने घेतलेले कपडे दुरुस्त होऊन जुन्या कपड्यांच्या बाजारात पुन्हा विकले जातात. घासाघीस करताना एवढं लक्षात ठेवलं तर बरं.

टी-शर्टची पिशवी : सुईदोराही नको

ज्यांना टाका घालता येत नाही त्यांच्यासाठी हा पंधरा मिनिटांचा प्रकार आहे. गोल गळ्याचा सुती टी-शर्ट उलटा करून सपाट ठेवा. दोन्ही बाह्या शिलाईच्या आतून कापून टाका. गळा मोठ्या गोलाकारात कापा. खांद्याच्या ज्या दोन पट्ट्या उरतात त्याच पिशवीचे बंद. खालच्या बाजूने चार बोटं लांबीच्या उभ्या चिरा द्या, बोटभर रुंदीच्या. पुढची आणि मागची पट्टी धरून घट्ट गाठ मारत जा. एक फेरी झाली की शेजारशेजारच्या गाठींच्या शेपट्या पुन्हा एकमेकींना बांधा, नाहीतर मधल्या फटींतून लिंबं पडतात. आता पिशवी सुलट करा. गाठी आत जातात.

ही पिशवी ताणली जाते, हा तिचा गुण आणि दोषही. पालेभाजी, ब्रेड, टिफिन यांना उत्तम. पाच किलो तांदूळ घातले तर गुडघ्यापर्यंत लोंबते. जड सामानासाठी जुन्या जीन्सचा पाय कापून, एक तोंड दुहेरी शिलाईने बंद करून, कमरेच्या पट्टीचे बंद लावलेली पिशवी वर्षानुवर्षं टिकते. मशिनवर शिवणार असाल तर १६ नंबरची सुई लावा. बारीक सुई डेनिमच्या जाड शिवणीवर मोडते.

भारतात १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर ३१ डिसेंबर २०२२ पासून बंदी आहे. तरी त्या मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण खिशात घडी घालून मावणारी पिशवी जवळ असली की भाजीवाल्याकडे पिशवी मागायची वेळच येत नाही. टी-शर्टची पिशवी नेमकी तशी मावते.

बाटलीतली कुंडी, आणि तिच्यातले डास

प्लास्टिकच्या बाटलीचा खरोखर उपयोगी पडणारा प्रयोग म्हणजे स्वतः पाणी घेणारी कुंडी. चार दिवस गावाला जाऊन आल्यावर पुदिना सुकून गेलाय, असा अनुभव ज्यांना आहे त्यांनी हा करून बघावा.

दोन लिटरची बाटली वरून एक तृतीयांशावर आडवी कापा. झाकणाला मधोमध भोक पाडा आणि त्यातून जुन्या बनियनची पट्टी वातीसारखी ओवा. पट्टीचं एक टोक बाटलीच्या वरच्या भागात मातीत जाईल आणि दुसरं खाली लोंबेल. वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवा. वर माती आणि रोप, खाली पाणी. पट्टी पाणी वर ओढत राहते, जसं निरांजनातली वात तेल ओढते. पहिल्या दिवशी मात्र वरूनही पाणी घालावं लागतं. माती कोरडी असेल तर वात काम सुरू करत नाही.

पारदर्शक बाटलीत उजेड गेला की पाण्यात शेवाळ धरतं. त्यावर उपाय त्या जोडी हरवलेल्या मोज्याचा. तो बाटलीच्या खालच्या भागाला चढवा. रंग नको, ग्लिटर नको, आणि काढला की बाटली पुन्हा भंगारात जाऊ शकते.

पण इथेच खरा धोका आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच छोट्या, स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून पूर्ण डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून पाणी ओतून द्यायला हवं. नुसतं ओतून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात. ती कोरड्यातही महिनोन् महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. त्यामुळे आतली बाजू घासणीने घासली तरच उपयोग. उलट्या भागाच्या कडेला फट राहत असेल तर तिथे कापडाची पट्टी घट्ट बसवा.

हेच टायरचं. जुन्या टायरला रंग देऊन केलेली कुंडी बागेत शोभते, पण टायरच्या आतल्या खोबणीत पावसाचं पाणी साठलं की ते बाहेरून दिसतही नाही. खालच्या बाजूला चार-पाच मोठी भोकं पाडणार नसाल तर टायर घरी आणूच नका.

गार न होणारा माठ

माठातलं पाणी गार होतं कारण मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं आणि त्याची वाफ होताना उष्णता निघून जाते. पाण्यातल्या क्षारांनी ही छिद्रं हळूहळू बुजतात. मग माठ गळत नाही, पाझरत नाही आणि पाणीही कोमट राहतं. फेकण्याआधी बाहेरून काथ्याने, साबण न लावता घासून बघा. फरक पडला तर माठ आणखी एक उन्हाळा काढेल.

नाही पडला, किंवा माठाला बारीक तडा गेलेला असेल, तर तो ओल्या कचऱ्याच्या खतासाठी वापरता येतो. माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या खिळ्याने, हातोडा न मारता, फिरवत फिरवत पोटाला सहा-सात आणि तळाला दोन-तीन भोकं कोरा. भिजलेली माती सहसा तडकत नाही. घाई केली तर मात्र एका फटक्यात दोन तुकडे.

तळाशी पालापाचोळ्याचा थर. त्यावर भाज्यांची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा, निर्माल्य. दर वेळी कचरा टाकला की त्याच्या साधारण दुप्पट आकारमानाचा सुका पाला वर घालायचा. हे सगळ्यात महत्त्वाचं. शहरात पाला मिळत नसेल तर वर्तमानपत्राचे तुकडे चालतात. सुरुवातीला मूठभर जुनं खत किंवा थोडं आंबट ताक शिंपडलं की काम लवकर सुरू होतं. तीन-चार दिवसांनी काठीने ढवळा. मासळी-मटण, तेलकट भाजी आणि उरलेला भात यात टाकू नका.

वास येऊ लागला तर घाबरून सगळं फेकायची गरज नाही. वास म्हणजे आत पाणी जास्त आणि हवा कमी. सुका पाला वाढवा, दोन दिवस झाकण उघडं ठेवा. पांढुरक्या अळ्या दिसल्या तरी त्या कचरा खाऊन खतच करत असतात. बघवत नसतील तर पाल्याचा जाड थर टाका. दोन ते तीन महिन्यांत तळाला काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचं खत मिळतं. एक माठ भरला की मुरायला ठेवून दुसरा सुरू करता यावा, म्हणून शेजाऱ्यांकडचा जुना माठही मागून ठेवा.

सीडीचं काय करायचं?

लग्नाची सीडी आधी कुठेतरी कॉपी करून घ्या. बाकीच्या गठ्ठ्याचा सगळ्यात चांगला उपयोग मुलांच्या हातात देणं हाच.

कचऱ्यातून खेळणी म्हटलं की अरविंद गुप्ता यांचं नाव येतंच. आयआयटी कानपूरमधून इंजिनियर झालेले गुप्ता १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद इथल्या विज्ञानशिक्षणाच्या कार्यक्रमात गेले. तिथे आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यातून त्यांनी भूमितीचे आकार जोडून दाखवले. पुढे पुण्यातल्या आयुकामधल्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी कित्येक वर्षं हेच केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या वेबसाइटवर अशी शेकडो खेळणी मोफत बघायला मिळतात, त्यांतली बरीच मराठीतही आहेत.

जुन्या सीडीची हवेवर तरंगणारी गाडी हा असाच जगभर केला जाणारा प्रयोग. कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या झाकणाला मधोमध तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडा. झाकणाची सपाट बाजू सीडीच्या मधल्या छिद्रावर चिकटवा. डिंक चारही बाजूंनी नीट लागला पाहिजे, हवा निसटता कामा नये. पूर्ण वाळू द्या. फुगा फुगवून त्याचं तोंड पिळून धरा आणि झाकणावर चढवा. गुळगुळीत फरशीवर ठेवून पीळ सोडा आणि बोटाने हलकेच ढकला. फुग्यातली हवा सीडीखालून बाहेर पडते, सीडी केसभर उचलली जाते, घर्षण जवळजवळ संपतं आणि गाडी पार खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाते. खडबडीत शहाबादी फरशीवर मात्र ही हमखास रुसते. मुलांना विचारा, का ते.

रद्दीत बांधलेला वडापाव

वर्तमानपत्राच्या पिशव्या, कपाटातला कागद, काचा पुसायचा बोळा, हे सगळं चालतं. पाण्याच्या ग्लासभोवती गुंडाळून केलेल्या कागदी कुंडीत टोमॅटो-मिरचीची रोपं करून ती कुंडीसकट मातीत लावता येतात. कागद कुजून जातो आणि मुळं दुखावत नाहीत.

फक्त खाण्याच्या पदार्थाला कागद लावू नका. तळलेल्या भज्यांचं तेल टिपायलासुद्धा नको. छपाईच्या शाईतली रसायनं गरम आणि तेलकट पदार्थात उतरतात. देशातल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत अन्न वर्तमानपत्रात बांधायला मनाई केलेली आहे. गाडीवर ते सर्रास चालतं म्हणून घरीही चालवायचं कारण नाही. तेल टिपायला ताटावर चाळणी ठेवून भजी निथळू द्या. त्याला ना कागद लागतो ना टिश्यू.

बरणी चालेल, बाटली नाही

काचेच्या बरण्या हा जुन्या सामानातला सगळ्यात कमी कटकटीचा प्रकार. लेबल कोमट पाण्यात भिजवून काढा. चिकटपणा राहिला तर खोबरेल तेल आणि खायचा सोडा एकत्र करून चोळा. लोणच्यासाठी उकळून घ्यायच्या असतील तर गार पाण्यात ठेवून पाण्यासकट हळूहळू तापवा. उकळत्या पाण्यात एकदम टाकली की काच तडकते. पत्र्याच्या झाकणाला आतून गंज आला असेल तर बरणी डाळीसाठी वापरा, लोण्या-लोणच्याला नको.

काचेची बाटली दोरा, स्पिरिट आणि आगीने कापण्याचं रील बहुतेकांनी पाहिलेलं असेल. दोरा स्पिरिटमध्ये बुडवून बाटलीला बांधायचा, पेटवायचा आणि गार पाण्यात बुडवायची. घरी हे करू नका. तडा कुठे जाईल यावर तुमचा ताबा नसतो, कडा पात्यासारख्या धारदार राहतात आणि स्पिरिटची ज्वाला दिवसाउजेडी नीट दिसतही नाही.

पेटच्या बाटल्यांमध्ये गरम काही भरू नका. हे प्लास्टिक साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडायला लागतं. गरम तेल, गरम सांबार, उकळून लगेच भरलेलं पाणी, यांपैकी काहीच नको. याच कारणाने बाटलीच्या आकाशकंदिलात पणती किंवा मेणबत्ती ठेवायची नाही. एलईडीची माळ सोडा.

सगळ्यात गंभीर गोष्ट मात्र रीलमध्ये नसते, ती आपल्या मोरीत असते. फिनाइल, अॅसिड, रॉकेल, थिनर कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय. घरातल्या मोठ्यांना बाटली माहीत असते. खेळून आलेल्या तहानलेल्या मुलाला किंवा पाहुण्याला ती माहीत नसते. अशी बाटली घरात असेल तर ती आजच रिकामी करून टाकून द्या आणि जे द्रव्य ज्या डब्यात आलं त्याच डब्यात ठेवा. कुणी चुकून प्यायलंच तर उलटी करवू नका. अॅसिड वर येताना घसा दुसऱ्यांदा भाजतो आणि रॉकेल फुप्फुसात जाऊ शकतं. १०८ वर फोन करा आणि ती बाटली दवाखान्यात सोबत घेऊन जा.

माळ्यावरून उतरवा, पण उघडू नका

काही वस्तूंचा घरी पुनर्वापर होतच नाही. सीएफएल बल्ब आणि ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. फुटलेल्या बल्बचा 'क्यूट टेरारियम' बनवायचा तर साधा, तारेचा जुना बल्ब असेल तरच विचार करा, तोही मुलांच्या हातात न देता. कीटकनाशकाचे आणि रंगाचे डबे कितीही धुतले तरी भाजीच्या कुंडीला किंवा धान्याला वापरू नका. २०१६ च्या घनकचरा नियमांत असे डबे, सीएफएल, जुन्या बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधं हा सगळा घरगुती घातक कचरा मानला होता. तो वेगळा द्यायचा असतो.

जुनं लाकडी कपाट किंवा पाळणा घासून नव्याने रंगवायचा बेत असेल तर रंग किती जुना आहे ते बघा. घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासला की शिशाची धूळ उडू शकते, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल तर हे काम घरात काढूच नका.

राहिला तो स्क्रीन फुटलेला फोन. जुना फोन घरातला कॅमेरा किंवा रेडिओ म्हणून कायम चार्जरला लावून ठेवायची युक्ती लोकप्रिय आहे. फोन धड असेल तर ती चालते, पण मागचं झाकण उचललं गेलंय का हे अधूनमधून बघा. बॅटरी फुगलेली दिसली की चार्जर काढा, फोन दाबू नका, टोचू नका, गादीवर किंवा कागदांजवळ ठेवू नका. शक्य असेल तर डेटा आधी काढून घेतलेला बरा, कारण फुगल्यावर तो फोन पुन्हा सुरू करू नये. नंतर तो ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्यायचा, भंगाराच्या हातगाडीवर नाही. तिथे तांब्यासाठी तो उघड्यावर फोडला किंवा जाळला जाऊ शकतो. देशात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार विकलेल्या मालाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. तुमच्या फोनच्या कंपनीच्या वेबसाइटवर 'ई-वेस्ट' असं शोधलं की जवळचं संकलन केंद्र किंवा घरी येऊन नेण्याची सोय आहे का ते कळतं. देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढायला विसरू नका.